आप्पांच्या रेड्या वळून बघत नसत

आप्पा गेल्याचं बाहूनं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘बरं झालं’. शाळेत माझा ऑफ तास होता, समोर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता, आणि शेजारच्या बाईंनी चमकून माझ्याकडं बघितलं. बाहू माझा धाकटा भाऊ. कसबा बावड्यातलं घर, गोठा आणि वडिलांचं आजारपण, सगळं तोच बघत होता. तो म्हणाला, “अक्का, येतीस न्हवं?” मी म्हटलं, “येतो की. आता कोण हाय मला अडवायला?” फोन ठेवला आणि राहिलेले चार पेपर तपासले. एकेक मार्क नीट देत तपासले. मग पर्स उचलली आणि रिक्षा शोधायला बाहेर पडले.

माणूस गेला की वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याच्यावर लेख येतो. मी असे लेख आवडीनं वाचते. त्यात गेलेला माणूस कडक असतो पण आतून मऊ असतो, रागीट असतो पण पोरांवर जीव टाकणारा असतो. माझे आप्पा कडक होते. आतून काय होते ते मला माहीत नाही, आणि तेच मला इथं लिहून बघायचं आहे. सोळा दिवस आधी मी त्यांना शेवटचं भेटले होते. पोटाचा कॅन्सर होता, अंगावर काही उरलं नव्हतं, पण खाट मात्र हट्टानं गोठ्याच्या पडवीत टाकून घेतली होती. मी शाहूपुरीतल्या माझ्या घरून मऊ भात करून डब्यात घालून नेला होता. मला बघताच म्हणाले, “कशाला आलीस?” मी म्हटलं, “तुम्हास्नी बघायला.” तर म्हणाले, “काय बघायचं हाय? किती दिस ऱ्हायल्यात त्ये? शिकल्याली हाईस तू, समदं कळतंय तुला. वाटणीवर डोळा ठिवून येतीस. जा. आनि आता मी मेल्यावरच तोंड दाखीव.” एवढं बोलून त्यांनी डबा हातानं ढकलला. भात खाली सांडला, आणि खाटेशेजारी बांधलेल्या रेडीनं तो चाटून खाल्ला. एक्कावन्न वर्षांची बाई मी, दोन पोरांची आई. डबा उचलला, पदर खोचला आणि चालू लागले. सोळा दिवस तिकडं फिरकले नाही. आणि सोळाव्या दिवशी ते गेले.

ते जे बोलले ते खरं होतं की नव्हतं… हे मला एकदा ठरवायचं आहे. बाकी सगळं त्यासाठीच सांगते आहे.

आप्पा गाभण रेड्या विकत. म्हणजे म्हशीचं मादी रेडकू लहानपणापासून सांभाळायचं, तीन-साडेतीन वर्षांनी ते फळलं की आठ महिन्यांपर्यंत पोसायचं, आणि पहिल्या वेताला दीड-दोन महिने उरले की गिऱ्हाइकाला द्यायचं. दूध विकणं त्यांना कमीपणाचं वाटे. “दूध काय, कोन बी काढतंय,” म्हणत. एका वेळी दावणीला पाच-सहाच रेड्या, पण अशा की बघणाऱ्यानं थांबावं. उसाचं वाडं आणि कडबा सगळेच घालतात, आप्पा त्यावर भिजवलेली शेंगपेंड आपल्या हातानं कालवून घालत. विकायच्या आधी रेडी वस्तऱ्यानं भादरून घ्यायची, शेपटीचा गोंडा तेवढा ठेवायचा, अंगाला तेल चोळायचं, शिंगं काचेनं तासून गुळगुळीत करायची. नदीवर धुऊन आणली की उन्हात आरशासारखी चमके. डॉक्टर तपासून महिने सांगून जायचे तरी गिऱ्हाईक आप्पांनाच विचारायचं, “मामा, नक्की हाय न्हवं?” आणि आप्पा म्हणायचे, “पावणं, पोटातल्याचं मी सांगतो. दुधाचं तुमच्या हातात हाय.” सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन दर्शन घेतल्याशिवाय ते चहा पीत नसत, दिवस मावळल्यावर पाण्याशिवाय काही घेत नसत, आणि अंगणात मुंग्यांची रांग दिसली तर आम्हाला वळसा घालून जायला लावत.

पण त्यांच्या रेड्यांचं खरं नाव झालं होतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. म्हैस हे एका हाताचं जनावर. जो सांभाळतो त्याच्याच आवाजावर येणार, त्याच्याच हाताला पान्हा सोडणार. नव्या दावणीला नेलेली पहिलारू, म्हणजे पहिल्या वेताची म्हैस कितीतरी वेळा हंबरून हंबरून दूध चढवून घेते, वासराला पाजत नाही, लाथा झाडते. आप्पांच्या रेड्या तसं करत नसत. टेम्पोत चढल्या की गेल्या. मागं वळून बघत नसत. गिऱ्हाइकं म्हणायची, “मामांच्या घरची रेडी म्हंजे सासरी आल्यागत येतीया.” ते कसं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या घरात ठाऊक होतं, कारण ते काम माझं होतं.

मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून रेडी माझ्या हवाली असे. “पोरीचा हात कासंला मऊ लागतोय,” असं आप्पांचं म्हणणं. रोज सकाळ-संध्याकाळ तिला खाऊ घालायचं, अंग खरारायचं, कासेला हात लावून घ्यायची सवय लावायची, कानात बोलायचं. तीन वर्षं हे केलं की ती माझी सावली होऊन जाई. नाव ठेवायचं नाही हा घरचा नियम होता, मी गुपचूप ठेवायची. मग विक्री ठरली की पंधरा दिवस आधी ‘तोड’ सुरू व्हायची. हा आप्पांचा शब्द. पहिले पाच दिवस तिला हाक मारायची नाही. पुढचे पाच दिवस वैरण अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं घालायची, आणि मी दावणीसमोर पाठ करून उभं राहायचं, ती कितीही हंबरली तरी वळायचं नाही. आणि शेवटचे पाच दिवस निरगुडीचा फोक, म्हणजे लवलवती बारीक काठी, घेऊन समोर बसायचं. तिनं माझा हात चाटायला जीभ बाहेर काढली की नाकपुडीवर फोक. म्हशीची नाकपुडी ओली आणि नाजूक असते, तिथं लागतं. “अंगावर मारू नगंस,” आप्पा बजावायचे, “वळ उठत्यात, गिऱ्हाईक बघतंय.” शेवटी ती माझ्याकडं बघायचीच बंद व्हायची, आणि दुसऱ्या कुणीही दावं धरलं तरी त्याच्यामागं निमूट जायची. ज्यानं माया लावली त्यानंच ती तोडायची, दुसऱ्या कुणाच्या हातून तुटत नाही, हे आप्पांचं गणित होतं.

मी सतरा वर्षांची असताना एक रेडी होती. शेवंती. म्हणजे मी म्हणायची शेवंती. कपाळावर पांढरा ठिपका, शिंगं मागं वळलेली, आणि चेष्टेखोर इतकी की मी अभ्यासाला बसले की वहीचं पान ओढायची. तिची विक्री कबनूरच्या एका माणसाशी ठरली. त्याचे चार यंत्रमाग होते, घरच्या दुधासाठी म्हैस हवी होती. तोड सुरू झाली. पहिले दहा दिवस मी कसेबसे काढले, पण फोकाच्या पाच दिवसांत माझ्यानं काही होईना. आप्पा बघत असले की मारायची, ते बस्तीत गेले की फोक गव्हाणीवर आपटायची आणि परकराच्या ओच्यातून आणलेला गुळाचा खडा तिच्या जिभेवर ठेवायची. मला वाटलं, कुणाला काय कळतंय? तिला मात्र कळलं. टेम्पोत चढवताना तिनं सगळा गोठा हलवून सोडला, चार माणसं लागली, आणि टेम्पो साखर कारखान्याच्या वळणाला लागेपर्यंत तिची मान मागंच होती. आप्पा गोठ्याच्या दारात उभे होते. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत ते नेहमी तिथं उभे राहत. त्या दिवशी आत आले आणि माझ्याकडं नुसतं बघितलं.

सातव्या दिवशी सकाळी मी नळावर घागर लावून उभी होते, तर फाटकात शेवंती. कबनूर ते बावडा, पंचवीस-तीस किलोमीटर तरी असतील, तुम्हीच मोजा, आठ महिन्यांची गाभण रेडी गळ्यात तुटकं दावं घेऊन चालत आली होती. एका खुरातून रक्त येत होतं, पोट खाली उतरलं होतं. ती सरळ माझ्याजवळ आली आणि माझा हात चाटायला लागली. मी रडत होते, हसत होते, काय करत होते मला आठवत नाही. मागून आप्पांचा आवाज आला, “तू नीट तोडली न्हाईस.” पुढं ते म्हणाले, “काय घातलंस?” मी म्हटलं, “गूळ.” बस्स. एवढंच झालं. त्यांनी तिला बांधली, खुराला हळद लावली, पाणी पाजलं. दुपारी कबनूरचा माणूस मोटरसायकलवर शोधत आला तेव्हा त्याच्या देखत त्यांनी माझ्या हातात फोक दिला. “आता मार.” मी मारेना तशी माझ्या मनगटाला धरून म्हणाले, “माझ्या हातानं न्हाय. तुझ्या.” तो परका माणूस, पण त्यालाही बघवेना. “असू दे की ओ मामा, सोडा त्या पोरीला. बारकी हाय.” आप्पा त्याला म्हणाले, “पावणं, तुम्ही च्या घ्या.” मी मारलं. किती मारलं सांगत नाही. शेवंतीनं डोळे मिटून घेतले होते, आणि प्रत्येक फोकानंतर जीभ पुन्हा बाहेर येत होती… शेवटी आली नाही. संध्याकाळी ती त्या माणसाच्या मागून गेली. यावेळी वळली नाही.

महिनाभरानं कबनूरहून निरोप आला. चालण्याच्या शिणानं म्हणा, कशानं म्हणा, ती दिवसांआधी व्याली. रेडकू मेलेलं निघालं. थेंबभर दूध दिलं नाही, जवळ कुणाला येऊ दिलं नाही. माग चालवणारा माणूस, तो बिनदुधाच्या म्हशीला कुठवर वैरण घालणार? आप्पांनी हे मला जेवताना सांगितलं, दिवस मावळायच्या आत आम्ही सगळे पंगतीला बसलो असताना. “खाटकाकडं गेली,” म्हणाले. मग भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला आणि म्हणाले, “तुझ्या गुळानं गेली.” अव्वा म्हणाली, “अवो, पोर जेवतीया.” ते म्हणाले, “जेवू दे की. मी कुठं ताट ओढलंय?” मी जेवले. माझ्या ताटात गूळ-शेंगदाणेही होते त्या दिवशी, ते तसेच राहिले. आजही मी गूळ खात नाही. घरात पुरणपोळी झाली तर साखरेची वेगळी करते आणि कारण कुणाला सांगत नाही.

त्यानंतर माझ्या हातून आणखी चार रेड्या गेल्या. चारही मी तोडल्या. अशा तोडल्या की आप्पांनाही काही सांगावं लागलं नाही. पाच, पाच, पाच. फोक नेमका नाकपुडीवर, ना जास्त ना कमी. बावड्यातली माणसं म्हणायची, “मामांची पोरगी बापासवाई निघाली.” मला त्याचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू? वाटायचा.

बाविसाव्या वर्षी माझं लग्न ठरलं, शाहूपुरीत. मुलाचं मोटरपंपाच्या सुट्या भागांचं दुकान, माणसं सज्जन. लग्नाला पंधरा दिवस उरले आणि एका सकाळी आप्पांनी मला हाक मारली नाही. रोज उठल्याबरोबर “पदेऽऽ” अशी हाक यायची. माझं नाव पद्मा, पण ‘पदे’ म्हणणारे ते एकटेच. मला वाटलं, कामात असतील. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. सहाव्या दिवसापासून मी समोर गेले की ते पाठ फिरवून बसायला लागले. माझ्या हातचं पाणीही घेईनात, अव्वाला हाक मारत. मला तेव्हाच कळलं हो. तिथल्या तिथं कळलं. मीच नव्हते का हे सगळं करत आलेली? मनात म्हटलं, आप्पा, मला काय रेडी समजलात? मी ओळखून आहे तुमची तोड, माझ्यावर नाही चालायची. आणि शेवटच्या पाच दिवसांत, हळदीला जमलेल्या बायकांच्या देखत, ते म्हणाले, “जाऊ दे एकदाची. खानारं एक तोंड कमी हुतंय. लई सोसलं हिला.” ओळखलं होतं, तरी लागलं. जिथं लागायचं तिथंच लागलं. पाठवणीच्या वेळी मी रडले नाही. गाडीत बसले, सरळ समोर बघितलं. सगळ्या आत्या-मावश्या म्हणाल्या, काय धीराची पोरगी! डोळ्यात पाण्याचा थेंब न्हाय. मी मागं वळून बघितलं नाही, त्यामुळं तेव्हा आप्पा कुठं उभे होते मला ठाऊक नाही.

आता यावर कुणी म्हणेल, बापाची माया असते अशी. असेल. पण मग सहा महिन्यांनी हेच आप्पा मोपेडवर ॲल्युमिनियमची किटली अडकवून आमच्या दारात आले आणि खालूनच ओरडले, “पदेऽऽ!” किटलीत गिऱ्हाइकाकडच्या ताज्या व्यालेल्या म्हशीचा चीक होता. मी दुसऱ्या मजल्यावर कणीक मळत होते. तशीच पिठाच्या हातांनी जिने उतरले, एक चप्पल वरच राहिली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, पडशील!” पुढं अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं हेच चाललं. वर्षातून चार-पाच वेळा ते यायचे, वर कधीच यायचे नाहीत, खालून हाक मारायचे, आणि मी हातातलं टाकून धावायची. ते किटली द्यायचे, रिकामी भांडी परत घ्यायचे आणि “जातो,” म्हणून जायचे. तोडीबद्दल मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी काढलं नाही. मला राग होता. हाकेला धावत जायची याचाही राग होता.

ते गेले त्या दिवशी मी पोहोचले तेव्हा माणसं जमली होती. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि मनात म्हटलं, मेल्यावर तोंड दाखव म्हणाला होतात ना? हे घ्या, दाखवलं. रक्षाविसर्जन झालं, पाहुणे पांगले, आणि अव्वा, बाहू आणि मी पडवीत बसलो तेव्हा बाहूनं सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी आप्पांना स्पष्ट सांगितलं होतं, पंधरा दिवस. आप्पांनी स्वतःच विचारून घेतलं होतं आणि घरात बोलायचं नाही म्हणून बाहूला दम भरला होता. त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी भात घेऊन गेले होते.

मी बाहूवर अशी काही उखडले! “भाड्या, एक फोन करता आला न्हाय तुला? सोळा दिवस मी तिकडं दात खाऊन बसलो. त्यांनी तुला सांगितलं बोलू नको, आनि तू गप्प? मग तुला का न्हाय तोडलं त्यांनी? अव्वाला का न्हाय? मीच सापडलो व्हय?” बाहू खाली बघत होता. म्हणाला, “अक्का, मी कुठं त्यांच्या हाकंला धावायचो? मला दहा हाका माराव्या लागायच्या. तोडायला माझ्यात हुतं काय?”

मी उठले आणि आप्पांच्या खाटेच्या कडेवर जाऊन बसले.

खाटेशेजारची ती रेडी दावणीला एकटीच उरली होती. शेवटच्या दोन-तीन वर्षांत आप्पांनी दुसरी जनावरं काढून टाकली होती, ही एकच ठेवली होती, आणि माझ्याशिवाय, अव्वाशिवाय, स्वतःच्या हातानं वाढवली होती. नववा महिना लागत होता. बाहूला नोकरीतून म्हैस सांभाळणं जमणार नव्हतं, अव्वाचे गुडघे गेलेले. गिऱ्हाईक आलं, रेडी बघून खूश झालं, पण दावं धरून ओढायला गेलं तर ती खाटेला जाऊन भिडली. रिकाम्या खाटेला. चार पावलं हलेना. दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याला तिनं शिंगानं पाडलं. वैरण टाकली तर हुंगून सोडून देत होती. अव्वा म्हणाली, “हिला त्यांनी तोडली न्हाय. मी फोक दिलता हातात. म्हटलं, विकायची हाय न्हवं? तर फोक तिच्या नाकाला लावला आनि तसंच बसलं. हात उचलत न्हवता का उचलायचा न्हवता, मला काय म्हाईत.”

मी खाटेच्या कडेवर बसले होते. मनात आलं ते लिहिते, लाज वाटली तरी. मला त्या जनावराचा हेवा वाटला. माझ्या नशिबी दोनदा फोक, आणि हिला माझा भात. त्याचबरोबर हेही दिसत होतं की ही अशीच राहिली तर पोटातलं जगणार नाही, हीही जगणार नाही. शेवंतीचं झालं तेच होणार. हिला आप्पांपासून तोडायला आप्पाच पाहिजेत, आणि त्यांना तर पंचगंगेत सोडून आलो होतो आम्ही.

अव्वालाच सुचलं. तिनं खुंटीवरचं आप्पांचं घोंगडं काढलं आणि माझ्या अंगावर टाकलं. पंचवीस वर्षांचं काळं घोंगडं, शेण, पेंड, घाम, औषध, सगळा आप्पांचा वास त्याला. “डोक्यावरनं घे,” म्हणाली, “तुझी चाल बी तशीच हाय.” शाळा सुटली की मी रोज शाहूपुरीहून बावड्याला जायला लागले. पंधरा दिवस नव्हतेच हातात, नऊ मिळाले. तीन दिवस घोंगडं घेऊन नुसती समोर गप्प बसले. ती मान ताणून हुंगायची, हंबरायची. तीन दिवस पाठ करून उभी राहिले. सातव्या दिवशी फोक घेतला. एकोणतीस वर्षांनी हातात घेतला, पण हात काही विसरला नव्हता. तिनं घोंगड्याचा काठ चाटला, मी मारलं. परत चाटला, परत मारलं. घोंगड्याच्या आत अंधार होता, गरम होत होतं, आणि माझ्याच तोंडून बाहेर पडलं, “जा. जा एकदाची. लई सोसलं तुला.” माझं मलाच ऐकू आलं. अव्वा उंबऱ्यावर बसली होती, तिनं तोंडाला पदर लावला. मी थांबले नाही. थांबले तर काय होतं ते मला पाठ होतं.

नवव्या दिवशी ती मागं सरकली. जीभ आत ठेवून, मान खाली घालून, भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकानं दावं धरलं आणि ती टेम्पोत चढली, शहाण्यासारखी. मी गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिले. जिथं आप्पा राहायचे तिथंच, चौकटीला खांदा लावून. लहानपणापासून मी समजत होते की ते तिथं उभे राहून रेडी वळत नाही याची खात्री करून घेतात, धंद्याचं नाव राखतात. टेम्पो सुरू झाला, कारखान्याच्या रस्त्याला लागला, आणि मी ऐकत होते की मी पुटपुटते आहे… वळ गं. एकदा वळ. एकदाच बघ.

ती नाही वळली. चांगली तोडली होती.

दीड-दोन महिन्यांनी फोन आला, व्याली, मादी झाली, पहिल्याच दिवशी पान्हा सोडला. बाहू म्हणाला, “अक्का, जमलं की!” आप्पांना मी माफ केलं का? नाही. सोळा दिवस होते माझे, ते त्यांनी न विचारता घेतले. मी सतरा वर्षांची असते तर तोंडावर हो म्हणून मागून गूळ घेऊन गेले असते. एक्कावन्नाव्या वर्षी मला ते सुचलं नाही, ही त्यांचीच शिकवण.

घोंगडं मी शाहूपुरीला आणलं आहे. कपाटाच्या दारावर टांगलेलं असतं. घरात वास येतो, पोरं नाक मुरडतात, ह्यांनी दोनदा सांगून झालं की धुवायला टाक. मी म्हटलं, पंधरा दिवसांनी टाकते. आजपासून मोजते, असं रोज सकाळी उठल्यावर ठरवते.